घरातल्या डब्यातली जुनी नाणी आणि पदकं : विकायला किंवा घासायला काढण्याआधी हे वाचाच!

"वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं आहे का तुमच्याकडे? मग तुम्ही लखपती झालात!"

हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेलच. कधी वैष्णोदेवीचं नाणं असतं, कधी ७८६ नंबरची नोट, तर कधी ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट. खाली एक फोन नंबर. फोन केला की समोरचा माणूस आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागतो, मग 'टॅक्स', मग 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन'. नाणं तुमच्याकडेच राहतं, पैसे मात्र जातात.

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढून स्पष्ट सांगितलं होतं, की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही, त्यासाठी ती कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसं मागायचा अधिकारही तिनं कुणाला दिलेला नाही. आणि ते वैष्णोदेवीचं नाणं? ते २०१२ चं आहे आणि आजही दुकानात चालतं. त्याला लाखो रुपये कोण देणार?

पण या मेसेजमुळे एक गोष्ट चांगली होते. लोक कपाटातला जुना डबा खाली काढतात, आणि डब्यात काहीतरी निघतंच. एखादा राणीछाप रुपया, दोन-चार भोकाचे पैसे, एखादा ढब्बू, काळा पडलेला तांब्याचा तुकडा, क्वचित रिबन कुजलेलं एखादं पदक. मग पुढे दोनच गोष्टी होतात. एक तर ते सगळं चिंचेनं घासून लख्ख केलं जातं, नाहीतर सराफाकडे वजनावर जातं.

दोन्हीच्या मध्ये एक तिसरा रस्ता आहे. त्या डब्याचा संग्रह करायचा. त्याला पैसे फार लागत नाहीत. एक वही लागते आणि थोडा धीर.

आधी माझी चूक सांगतो

आमच्या आजोबांची नाणी सुपारीच्या एका पत्र्याच्या डब्यात होती. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदाच्या पुडीत आणि पुडीवर पेन्सिलनं काहीतरी खरडलेलं. मी तेव्हा नववीत होतो. मोठ्या उत्साहानं सगळ्या पुड्या सोडल्या, कागद फेकून दिले आणि नाणी एका ताटलीत ओतली. तांब्याची नाणी चिंच आणि राखेनं घासली. दिवाळीच्या समईसारखी चमकली!

त्यातल्या एका नाण्याच्या पुडीवर 'लग्नात' असा शब्द होता, एवढंच मला आठवतं. कुणाच्या लग्नात, कुणी दिलं, ते नाणं ताटलीतलं नेमकं कोणतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. घासल्यामुळे नाण्यांची किंमत कमी झाली, ते मला खूप नंतर कळलं. पण कागद फेकले ते नुकसान जास्त मोठं होतं. राणीछाप रुपया आजही बाजारात विकत मिळतो. आजोबांना लग्नात मिळालेला रुपया कुठे मिळणार?

म्हणून डबा उघडल्यावर पहिलं काम घासायचं नाही की भाव काढायचाही नाही. जसं आहे तसं फोटो काढायचे. कोणती पुडी, कोणती पिशवी, कोणत्या कप्प्यात काय, सगळं. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर डबा त्यांच्यासमोर उघडा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. नाणी कुठे जात नाहीत, माणसं जातात.

डब्यात नेमकं आहे काय?

महाराष्ट्रातल्या घरांत जे सापडतं त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

तांब्याचा जाडसर, ओबडधोबड कडांचा तुकडा असेल आणि त्यावर देवनागरी अक्षरं दिसत असतील, तर ती बहुतेक 'शिवराई'. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हे वाचून लगेच "महाराजांच्या काळातलं नाणं!" अशी पोस्ट टाकू नका. शिवराई महाराजांनी सुरू केली हे खरं, पण ती त्यांच्या वारसांनी पाडली, पेशवाईत पाडली गेली आणि त्यानंतरही कितीतरी काळ बाजारात फिरत राहिली. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई ही नंतरच्या काळातली, आणि घरोघरी तीच जास्त सापडते. 'शिव'चं कुठे 'सिव' होतं, कुठे 'सीव'. ही अशुद्धलेखनाची गंमत नाही, अभ्यासक याच फरकांवरून प्रकार लावतात. म्हणून नोंद करताना नाण्यावर जे अक्षर दिसतं तेच लिहा, मनानं सुधारू नका.

मराठवाड्यातल्या घरात चारमिनारचं चित्र असलेले निजामाचे हाली शिक्के निघतात. गोव्यात पोर्तुगीज रुपिया आणि तांगा, आणि १९५८ नंतरचे एस्कुदो. तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुदो असा हिशेब होता.

आणि मग आपला लाडका बंदा रुपया. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून मात्र महायुद्धामुळे चांदीचं प्रमाण ५० टक्क्यांवर आलं आणि १९४७ च्या रुपयात तर चांदीच नाही. तो निकेलचा आहे, मागे वाघ. डब्यातला '१९४७ चा चांदीचा रुपया' लोहचुंबकाला चिकटला तर दचकू नका, तो खोटा नाही. निकेल चिकटतंच. उलट १९१८ चा रुपया चिकटला, तर मात्र तो चांदीचा नाही.

राणीच्या रुपयावर १८६२ साल दिसलं म्हणजे तो त्याच वर्षी पाडला असंही नाही. ते साल पुढची दहाएक वर्षं तसंच ठेवून रुपये पाडले गेले आणि मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून त्यांचे प्रकार ओळखले जातात. नावात 'क्वीन' असेल तर १८७६ पर्यंतचा, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचा.

१९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाचा किस्सा तर सांगायलाच हवा. राजाच्या झग्यावर बारीक हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोंबाबोंब झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट करून नवीन नाणी आली. आज संग्राहक या रुपयाला 'पिग रुपी' म्हणतात. पंचम जॉर्जचा रुपया डब्यात असेल तर आधी साल बघा, मग भिंग घेऊन हत्ती शोधा.

डब्यात बनावट मालही असतो. १८१८ साल, 'ईस्ट इंडिया कंपनी', 'वन आना' असं लिहिलेलं आणि रामदरबार किंवा हनुमान असलेलं जाड नाणं कित्येक घरांत देवघरात असतं. कंपनीनं असलं नाणं कधीच काढलं नाही. एक आण्याचं नाणं चलनात आलं तेच मुळी १९०६-०७ च्या सुमारास! तो टोकन आहे. श्रद्धेनं देवघरात खुशाल ठेवा, पण त्याला लाख रुपये देणारा कुणी भेटला तर तो तुमच्याकडूनच काहीतरी उकळणार आहे.

आणखी एक नेहमीचा गोंधळ. गांधीजींचं चित्र आणि १८६९–१९४८ अशी सालं असलेलं नाणं १८६९ चं नसतं. ते १९६९ च्या जन्मशताब्दीचं आहे. मात्र त्यातलं १० रुपयांचं मिळालं तर जपून ठेवा, ते ८० टक्के चांदीचं आहे.

सगळंच जमवू नका

नवा संग्राहक पहिल्या सहा महिन्यांत दिसेल ते घेतो. थोडी रशियाची, थोडी दुबईची, दोन मुघल, एक कुषाण (हे तर बहुतेक वेळा खोटं). वर्षभरानं त्याच्याकडे दोनशे नाणी असतात, पण त्यातल्या एकाबद्दलही दोन वाक्यं बोलता येत नाहीत.

त्यापेक्षा एक छोटा, संपणारा विषय घ्या. माझी शिफारस विचाराल तर 'नये पैसे'.

१ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. चवली, पावली, अधेली हे शब्द त्याच हिशेबातले. आता अचानक रुपयाचे १०० पैसे झाले. जुना पैसा आणि नवा पैसा यांत गल्लत होऊ नये म्हणून नाण्यावर 'नया पैसा' असं छापलं आणि वर समजावलंही, 'रुपये का सौवाँ भाग'. नाणंच जणू दुकानदाराला गणित शिकवत होतं! १९६४ मध्ये लोकांना सवय झाली असं धरून 'नया' शब्द काढून टाकला.

म्हणजे हा सगळा विषय जेमतेम सात वर्षांचा. एक पैशाचं गोल, दोनचं आणि दहाचं कंगोरेदार, पाचचं चौकोनी, पंचवीस आणि पन्नासचं गोल. बरीचशी नाणी आजही चहा-वडापावच्या खर्चात मिळतात. प्रत्येक मूल्य, प्रत्येक साल, प्रत्येक टांकसाळ असा तक्ता आखा आणि रिकामे चौकोन भरत जा. एखादा चौकोन दोन वर्षं रिकामा राहतो. खरी मजा त्यातच आहे.

टांकसाळ ओळखायची ती सालाखालच्या बारीक खुणेवरून. छोटा हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी दुभंगलेला हिरा वगैरे खुणाही असतात, त्यामुळे सुरुवातीला मुंबई-हैदराबादची गफलत होते. ही खूण बघायला तुमच्या खिशातलं दहाचं नाणंही चालेल. आत्ताच बघा.

वही हाच संग्रह

प्रत्येक वस्तूला एक नंबर द्यायचा. नंबर पाकिटावर लिहायचा, नाण्यावर कधीच नाही (हो, मार्करनं नाण्यावर लिहिणारे लोक आहेत). त्याच नंबरखाली वहीत किंवा एक्सेलमध्ये नोंद करायची. एक नमुना बघा :

"क्र. १७. ब्रिटिश हिंदुस्थान, एक रुपया, पंचम जॉर्ज, १९१८, मुंबई टांकसाळ. चांदी. वजन ११.५८ ग्रॅम, व्यास ३०.५ मिमी. राजाच्या मुकुटाची नक्षी झिजलेली, कडेला एक ठेच. आत्याकडून, तिच्या सासूच्या बटव्यातला. घासलेला नाही."

यातली शेवटून दुसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. बाकी सगळं पन्नास वर्षांनी कुणीही नाणं हातात घेऊन पुन्हा लिहू शकेल. 'आत्याकडून' हे मात्र आज लिहिलं नाही तर गेलं. विकत घेतलं असेल तर कुठून, कधी, कितीला, आणि पावतीचा फोटो.

वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. हा खर्च पहिल्याच बनावट नाण्याला वसूल होतो. झिजलेल्या रुपयाचं वजन थोडं कमी भरतं, पण १० ग्रॅमचा 'चकचकीत राणीछाप' दिसला तर नमस्कार करून पुढे चालू लागा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्या, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

घासू नका, आणि साध्या प्लास्टिकमध्ये ठेवू नका

तांब्यावरचा तपकिरी-काळा थर म्हणजे मळ नव्हे. धातू आणि हवा यांच्यातून वर्षानुवर्षं तयार झालेलं ते आवरण आहे आणि ते खालच्या धातूला सांभाळतं. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर हे सगळं तो थर काढतं आणि सोबत नाण्याचा पृष्ठभागही खरवडतं. भिंगाखाली ते ओरखडे लगेच दिसतात आणि अनुभवी माणूस अशा नाण्याला अर्धाही भाव देत नाही. माती फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं भिजत ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या. चोळायचं नाही, टिपायचं.

लक्ष्मीपूजनाचा प्रश्न इथे येतोच. दरवर्षी दूध-पाण्यानं धुवून हळद-कुंकू लावलेल्या रुपयांच्या खोबणीत ते कुंकू कायमचं बसतं. पूजेचे दोन रुपये वेगळे काढून ठेवा, बाकीच्यांना नुसतं दाखवा. देवीला चालतं, असा आमच्या घरातला निर्णय आहे.

तांब्यावर फिकट हिरवे, पिठासारखे भुरभुरणारे ठिपके दिसले तर मात्र दुर्लक्ष करू नका. हा क्षाराचा रोग आहे, तो पसरतो. ते नाणं बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा.

ठेवायचं कशात? स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, वास येणारे पीव्हीसीचे अल्बम टाळा. काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट द्रव सुटतो आणि नाण्यावर बसतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं, नाहीतर मध्ये पारदर्शक खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर चांगले. कोकणात आणि मुंबईत त्यांना स्टेपल मारलात तर पहिल्याच पावसाळ्यात पिना गंजतात, म्हणून चिकटपट्टीचे घ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनच्या आधी बदला. नाणं धरताना फक्त कडेनं धरायचं, खाली टॉवेल पसरून. अंगठ्याचा घामट ठसा चांदीवर उमटला की जात नाही.

पदक असेल तर आधी कड वाचा

नाण्यांपेक्षा पदकांची हेळसांड जास्त होते, कारण त्यांचा 'भाव' चटकन कळत नाही. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांना मिळालेलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं आहे. चांदी महागली की अशी पदकं सराफाच्या भट्टीत जातात.

पण ते पदक आडवं धरून त्याची कड बघा. बारीक इंग्रजी अक्षरांत सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नाणी एकाच साच्यातून लाखोंनी निघतात, हे पदक एकाच माणसाचं असतं. कडेवर '११०' आणि 'मराठा' असं वाचता आलं, तर तो माणूस ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीचा. ही पलटण आणि १०३ व्या, ११७ व्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडलेल्या या सैन्यानं २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. तुमच्या पणजोबांचे 'बसऱ्याला होते' एवढेच शब्द घरात उरले असतील, तर कडेवरचा तो नंबर पुढचा धागा आहे. युद्धात मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. नाव इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाकून बघा, कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं.

पदकाची रिबन कितीही जीर्ण असली तरी फेकू नका. एकाच माणसाची दोन-तीन पदकं असतील तर भावंडांत एकेक वाटून घेऊ नका. वाटायचंच असेल तर फोटो वाटा. आणि पदक पॉलिश केलं की कडेवरचं नावच आधी झिजतं.

कायद्याचं थोडं

घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली नाणी जवळ ठेवायला अडचण नाही. पण शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना नाण्यांचा हंडा लागला, तर तो 'आपला' नसतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून जास्त किमतीच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शिवाय असा हंडा फुटून नाणी गावभर वाटली गेली, की ती कुणी, केव्हा पुरली हे सांगणारा पुरावाही संपतो.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याला आठवण म्हणून शिवराई पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. त्याला १९५७ चा नया पैसा द्या.

पुढे शिकायचं कुठे?

मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था आणि संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेतच लागतं, तास-दोन तास काढून थांबा. मोठ्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात. पहिल्या खेपेला खिशात पैसे न घेता जा, नुसती नाणी हातात घेऊन बघा आणि जुन्या संग्राहकांशी बोला. स्मारक नाणी हवी असतील तर सरकारी टांकसाळीकडूनच मागवा. मात्र त्या मखमली पेटीतल्या संचांचा भाव पुढे वाढेलच असं धरून पैसे गुंतवू नका.

आणि वहीच्या पहिल्या पानावर घरातल्यांसाठी चार ओळी लिहून ठेवा. पेटी कुठे आहे, चावी कुणाकडे आहे, विकायची वेळ आली तर आधी कुणाला विचारायचं, आणि त्यातलं काय अजिबात विकायचं नाही. माझ्या वहीत चौथ्या ओळीपुढे घासलेल्या तांब्याच्या नाण्यांचे नंबर आहेत. बाजारात त्यांना कुणी विचारणार नाही. पण त्यातलंच एखादं 'लग्नात'लं असू शकतं.